आगपेटीएवढी खोली

ऑक्सिजन मशीनची घरघर मोबाइलवर रेकॉर्ड करून मी तिचाच ठेका बनवला होता. सासूबाईंना सोडून उंबऱ्याबाहेर पडता येत नव्हतं, मग दुसरं काय करणार? कानांत हेडफोन घालून, त्या तालावर डोलत, आगपेटीएवढ्या कागदावर मी आमची खोली रंगवत होते: पलंग, नळी, सासूबाई आणि उशाशी मी.

हेडफोनची वायर निसटली आणि धून खोलीभर वाजू लागली. मी बंद करायला धावले.

"राहू दे. माझंच मशीन ना हे? बरं नाचतंय की," सासूबाई म्हणाल्या. "चित्र दाखव."

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"दार कुठंय गं?"

"जागाच उरली नाही, आई."

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवून माझ्यापुढे धरला.

"मग माझा पलंग पुसून टाक."