ल्योनचा हात

पॅरिसला खास खाण्यासाठी आलेले ल्योनचे पेलेतिए साहेब मॅकरॉनच्या, म्हणजे बदामाच्या नाजूक फ्रेंच बिस्किटांच्या वर्गात शिकायला नव्हे, शिकवायलाच बसले होते. जिस्लेनबाई वर्गाचे नियम सांगत होत्या, तेव्हा हे शेजारणीला पॅरिसच्या लोकांना चवीतलं कसं काही कळत नाही, ते पटवत होते.

"साहेब, मिश्रण इतकं घोटू नका," बाई म्हणाल्या.

"बाई, आम्ही ल्योनकर. हे सगळं आईच्या पोटातच शिकून येतो!"

वर्ग संपला, कॉफीबरोबर गुळगुळीत पिस्ता मॅकरॉनची बशी आली. पहिल्याच घासाला साहेबांनी डोळे मिटले. "याला म्हणतात हात!" म्हणत त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. बाई नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी ही करामत दाखवायला ते बायकोला, युगेतला घेऊन पुन्हा वर्गात हजर. घोटून झालं, भाजून झालं, कॉफी आली, बशी आली. साहेबांनी ऐटीत एक मॅकरॉन उचलला, चावला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! हा मॅकरॉन आहे की बुटाचा तळवा? युगेत, तू खाऊ नकोस. बाई, पॅरिसमधल्या कुठल्या गाढवाने केलंय हे?"

जिस्लेनबाईंनी शांतपणे युगेतच्या कपात कॉफी ओतली.

 

 

"एक रात्र मुरल्याशिवाय मी मॅकरॉन कुणालाच देत नाही, साहेब. काल तुम्ही खाल्लेत ते आदल्या दिवशीच्या वर्गाचे. हे तुमचे."