गेटपाशी एक
बाबांनी एवढ्या मोठ्या घरासाठी राउटर निवडताना वायफायवाल्याला जेरीस आणलं. शेवटी प्रत्येक मजल्यावर सिग्नल पोचवणारा एक ॲक्सेस पॉइंट ठरला. आई हळूच म्हणाली, “एक गेटपाशीही लावा.” “तिथे काय तू खुर्ची टाकून बसणार आहेस?” बाबा खेकसले. माझा धाकटा भाऊ बाबांशी भांडून त्याच गेटातून निघून गेला, तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. नवा राउटर भिंतीवर चढला. वायफायवाला म्हणाला, “नाव, पासवर्ड बदलू? जुनंच ठेवलं तर ओळखीचे फोन आपोआप जोडले जातील, आणि कुठला फोन जोडला गेला त्याचा तुम्हाला मेसेज येईल.” नाव आणि पासवर्ड, दोन्ही भावानेच ठेवलेली. बाबा जुन्या राउटरवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. “जुनंच ठेवा,” ते म्हणाले. “आणि एक गेटपाशी लावा. आत तर तो यायचा नाही. गेटपर्यंत येऊन परत फिरला, तर निदान कळेल.”