सुट्टीआधीची ट्यूब

तांदळाच्या दाण्याएवढं क्रीम पुरतं. अनामिकेनं, न चोळता, हलकेच टिपत लावायचं, कारण डोळ्यांखालची त्वचा फार पातळ असते. सौदीतल्या खमीस मुशैतच्या हॉस्पिटलात मी लॅब सांभाळते आणि दरवर्षी सुट्टीच्या दोन महिने आधी नवी ट्यूब उघडते. काळी वर्तुळं दिसली, की आईचा घास अडतो. यंदा ट्यूब संपली, वर्तुळं तशीच. “दुसरी कंपनी बघ,” रूममेट ताजुन्निसा म्हणाली. “ही चौथी,” मी म्हटलं. “मग क्रीमचा काय दोष गो? तीन वर्षं उशीखाली राजीनामा ठेवून झोप लागेल काय?” तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. सवयीनं खिडकीकडे तोंड केलं. समोरून उजेड आला, की वर्तुळं फिकी दिसतात. आई हसली, “येण्याआधीच विचारते, परत कधी जायचंय?” रिकाम्या ट्यूबचं झाकण मी लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “आई, मी परत जाणार नाही.”