सातव्या विषयाचा चहा

विषय सातवा आणि चहाचा ट्रे, दोन्ही एकदमच सभागृहात आले.

या नगरपालिकेची ती रीतच होती. किरकोळ विषय नुसत्या माना हलवून उरकत. कामाच्या विषयाला मात्र चहा. अध्यक्षांनी विषय वाचायचा, लहानू शिपायाने ट्रे फिरवायचा, आणि ज्याने कप उचलला त्याची संमती धरायची. शेवटचा कप उचलला गेला की मुख्याधिकारी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून मोकळे. इतक्या स्वस्तात एकमत नाशिक जिल्ह्यात दुसरीकडे कुठे होत असेल असे वाटत नाही.

“सातवा,” नगराध्यक्ष कारभारीअण्णा म्हणाले, “मिलिंदनगरचा सार्वजनिक नळ बैलबाजारात हलवणे, आणि त्या जागेवर गाळे बांधणे. बोला.”

बोला म्हणजे प्या. कप उचलले गेले. बशीत ओतण्याचे, फुंकण्याचे, भुरकण्याचे आवाज सुरू झाले. ट्रे गोजराबाईंपुढे आला आणि थांबला. मिलिंदनगरातून निवडून आलेल्या त्या एकट्याच. मागे भिंतीशी, नागरिकांच्या बाकावर, त्यांच्या वस्तीतली वत्सलाबाई आणि चारपाच बाया बसल्या होत्या. मांडीवर रिकामे हंडे. नागरिकांनी सभा ऐकायची, बोलायचे नाही, असा नियम होता.

“बाई, घ्या,” लहानूने कप त्यांच्यापुढे ठेवला. “गार व्हतोय.”

“होऊ दे.”

“का हो बाई, साखर कमी पडली?” अण्णांनी विचारले. ज्यांच्या तोंडात चहा होता ते नाकाने हसले.

“साखर बरी हाय. या ठरावाला माझा विरोध हाय. मतं घ्या.”

मुख्याधिकाऱ्यांचे पेन ‘सर्वा’पर्यंत पोचले होते. ते तिथेच थांबले.

अण्णांनी आवाज खाली आणला. सोयरिकीत बोलतात तसा. “गोजराबाई, पहिल्या सभेला तुम्हाला कान तुटलेला कप दिला म्हणून केवढा दंगा केला होतात! आम्ही चूक कबूल केली. आज सगळ्यांच्या सेटातला कप तुमच्यापुढं आहे. आणि आता तो नको?”

खरे होते ते. त्या कपासाठी गोजराबाई सभा संपेपर्यंत उभ्या राहिल्या होत्या, खुर्चीला टेकल्या नव्हत्या. मिळाल्यावर दर वेळी तो त्यांनी मानाने उचलला. वस्तीतला दिव्याचा खांब हलवायचा ठराव आला, त्या दिवशीसुद्धा.

वत्सलाबाईला बोलायची मनाई होती, म्हणून ती शेजारणीच्या कानात बोलली. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असे. “खांब गेला त्या दिशी चहा लय गोड व्हता म्हणं.”

गोजराबाईंनी मागे पाहिले नाही. समोरचा कप तेवढा बोटाने पुढे सारला.

“अण्णा, कप मी भांडून घेतला. तो माझाच हाय. पण कपानं हंडा भरत नाय. मतं घ्या.”

“अहो, बैलबाजार असा काय लांब आहे?”

“मग तुमच्या वाड्यातला नळ तिथं न्या. रोज सकाळी रांगेत भेट होईल आपली.”

बाकावर कुणाचा तरी हंडा खणकन वाजला.

“घ्या मतं!” अण्णा तांबडे झाले. “ठरावाच्या बाजूनं हात वर करा.”

इथे पंचाईत झाली. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी. कुणी कप गुडघ्यात धरला, कुणी शेजाऱ्याच्या कागदांवर ठेवला, एकाने धोतरावर सांडून घेतला. हात वर गेले, पण शाळेत लघवीची परवानगी मागतात तसे, अर्धेच.

गोटीरामशेठचा हात गेलाच नाही. त्यांचा वॉर्ड मिलिंदनगराला लागून. त्यांच्याकडच्या बायाही त्याच नळावर येत. ते आपल्या कपात बघत राहिले.

“माझा अर्धा पिऊन झालाय,” त्यांनी लहानूला हळूच विचारल्यासारखे सांगितले.

“अर्धं चालत नाय शेठ. इकडं नाय तर तिकडं.”

गोटीरामशेठनी कप ट्रेवर परत ठेवला. “मी विरोधात,” ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

“ठराव बहुमतानं मंजूर,” अण्णा म्हणाले. “हरलात, बाई.”

“हरले. तसंच लिवा, सायेब.” गोजराबाई मुख्याधिकाऱ्यांकडे वळल्या. “विरोधात कोण कोण, ते नावानिशी लिवा. खांबासाठी कलेक्टर कचेरीत गेले, तर म्हणले, ठराव सर्वानुमते हाय, त्यात तुमचंबी मत आलं, मग तक्रार कशाची? उद्या पहिल्या एस.टी.नं या बायांना घेऊन नाशिकला जाते. ठराव थांबवायचा अधिकार कलेक्टरला हाय. आता काय म्हणतात ते बघू.”

मुख्याधिकाऱ्यांनी ‘सर्वा’ खोडले. बऱ्याच वर्षांत त्या शब्दावर रेघ आली नव्हती. पेन जरा अडखळले.

लहानू कप गोळा करू लागला. गोजराबाईंच्या भरल्या कपावर साय धरली होती. त्याने हात पुढे केला.

“तो राहू दे,” त्या म्हणाल्या. “सातवा अजून संपला नाय.”

लहानूने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी कागदाकडे. “आठवा,” त्यांनी वाचायला घेतले. “अध्यक्षांच्या निवासाकडे जाणारा रस्ता डांबरी करणे. बोला.”

नवा ट्रे आला. टेबलाला पुरा फेरा घालून तो परत दाराशी पोचला, तेव्हा त्यातला एकही कप कमी झाला नव्हता.