वाटेचं पीठ

रोरोन्या पडदा सारून आत आला तो थेट मावशीच्या चुलीपाशी येऊन उभा राहिला. काहेन्तियो मका भाजत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मावशी, पीठ आणि जोडे दे. नदीवरचा बर्फ फुटायच्या आत निघायचंय."

"बस तरी."

"बसायला आलो नाही."

अनेक कुटुंबांच्या त्या लांबलचक घरातल्या बाकीच्या चुलींपाशी बोलणं थांबलं. बायकांनी वाटेसाठी भाजल्या मक्याचं पीठ आणि कातडी जोडे दिल्याशिवाय गावातून कुणी लढाईला निघत नसे. या वेळी सगळ्याजणींनी निर्णय काहेन्तियोवर सोपवला होता. पानगळीत नदीपलीकडच्यांनी मारला तो तिचा मुलगा. शब्दही तिचाच.

"बाहेर सगळे तयार उभे आहेत," रोरोन्या म्हणाला. "तू फक्त हो म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्याचा आवाज चढला. "तो तुझ्या पोटचा होता, मावशी! मी त्याला या खांद्यावरून घरी आणला. आणि तू इथं दाणे भाजत बसलीयेस?"

काहेन्तियोचे हात थांबले. मक्याचा जळका वास सुटला, तरी ती हलली नाही. मग तिने उलट्या हाताने डोळे पुसले.

"त्यांची घरं जाळावीत असं मलाही वाटतं. रोज उठल्या उठल्या वाटतं. पण तुला जोडे दिले आणि तू परत आला नाहीस, तर उद्या तुझी आई या चुलीशी येईल, तुझ्या धाकट्या भावासाठी जोडे मागायला. तिला मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

पलीकडच्या चुलीपाशी त्याची आई बसली होती. तिने मान वर केली नाही.

"लोक हसतील आम्हाला."

"हसू देत. ऐकायला जिवंत तर असशील."

रोरोन्याने पाठ फिरवली. मग पडदा झटकून बाहेर पडला.

बर्फात पोरं ताटकळत होती. त्याचे रिकामे हात सगळ्यांनी पाहिले. एकाने शिवी हासडली. दुसऱ्याने गदा जमिनीवर आपटली. "म्हातारीला काय कळतंय!" तिसरा ओरडला.

मागे उभ्या असलेल्या कुणीतरी सुटकेचा भला मोठा सुस्कारा सोडला, आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.