कोरडी भांडी

सम्मेदनं भांडी धुण्याच्या मशीनचं दार उघडलं आणि बाजूला झाला. गरम वाफ बाहेर आली. खालच्या जाळीत ताटं, वरच्या जाळीत वाट्या आणि पेले. सगळं लखलखत होतं.

"बघा आप्पा. हात लावून बघा."

त्याचे वडील रायगोंडाआप्पा पंचा हातात घेऊन ओट्यापाशी उभेच होते. त्यांनी एक ताट उचललं. उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं राहिलं.

"एक थेंब न्हाई," सम्मेद म्हणाला. "पांढरा डागबी न्हाई. आपल्या बोअरच्या पाण्यात!"

त्याला आनंद व्हायला कारण होतं. पहिल्या पावडरीचे कण वाट्यांच्या बुडाला चिकटून राहायचे. मग जेल आणलं, तर स्टीलवर ढग उठायला लागले. शेवटी सांगलीच्या दुकानदाराचं डोकं खाऊन, फोनवर सतरा व्हिडिओ बघून त्यानं ह्या साबणाच्या वड्या आणल्या होत्या आणि सोबत एक निळी बाटली.

"बाटलीत काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"रिन्स एड. शेवटच्या पाण्यात आपोआप पडतं. द्राक्षाच्या फवारणीत आपण स्टिकर घालतो बघा, तसलंच. थेंब धरून बसत न्हाई, पसरून जातो. भांडं आपसूक वाळतं."

आप्पांना लगेच कळलं. बागेत त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. त्यांनी ताट नाकाशी नेलं.

"वास येतोय," ते म्हणाले.

सम्मेदनं एका पेल्यात नाक घातलं. "कसला? काय न्हाई."

"औषध पोटात जाईल की."

"धुऊन जातं ते."

"चरबी-बिरबी असंल त्यात. कुठल्या जनावराची."

"न्हाई. कंपनीला फोन करून विचारलंय. मला ठाऊक होतं तुमी इचारणार."

आप्पांनी ताट जाळीत परत ठेवलं. "पहिली पावडर काय वाईट नव्हती."

"आवं आप्पा! त्या पावडरीनं भांडी ओली निघत होती. दोन्ही वेळेला तुमी उभं राहून पुसत बसायचा. परवा धवलदाजी आले, तर काय म्हणाले ठाऊक हाय? 'म्हाताऱ्याला भांड्याला लावलंस व्हय रं?' मान खाली घालायची पाळी आली माझी." सम्मेदनं बाटली ओट्यावर ठेवली. "आता तो ताप संपला. तुमी निवांत बसायचं."

निवांत कुठं बसायचं, ते आप्पांना ठाऊक नव्हतं. बायको, गुणमाला, होती तोवर जेवणं झाली की ती भांडी घासायची आणि ते शेजारी उभे राहून पुसायचे. दिवसभराचं बोलणं तेवढ्यात व्हायचं. मागच्या पावसाळ्यात ती गेली. दिवाळीला मशीन आलं. मग मशीन घासायचं आणि आप्पा पुसायचे. पुसता पुसता मनातल्या मनात तिला सांगायचे, आज बागेत काय झालं, सुनेनं आमटी कशी केली होती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"पुसायचा मला काय तरास न्हाई," ते म्हणाले.

"पण आता गरजच काय?"

आप्पांनी पंच्याची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

सून श्रद्धा उरलेली भाजी डब्यात काढत होती. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"आप्पा, तुम्ही आणि आई इथं काय बोलत होता हो? लग्न होऊन आले तेव्हा मला बाहेरच्या खोलीत नुसतं आईंचं हसू ऐकू यायचं."

"काय न्हाई." आप्पा मशीनकडंच बघत होते. "मी पुसलेल्या ताटात तिला डाग दिसायचा. तिनं घासलेल्यात मला खरकटं दिसायचं."

"मग?"

"मग काय? ती म्हणायची, चष्मा बदला. मी म्हणायचो, तू नजर बदल."

श्रद्धा हसली. सम्मेद हसला नाही. तो वडिलांच्या हातातल्या पंच्याकडं बघत राहिला.

श्रद्धानं पदर खोचला. मशीनमधलं पुढचं ताट उचललं, बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून ते कोरडं ताट सरळ धारेखाली धरलं.

"अगं, काय करतीस?" सम्मेद ओरडला. "धुतलेलं हाय ते!"

"आप्पा म्हणतात ना औषध पोटात जाईल म्हणून. विसळून घेतलेलं बरं." तिनं ताट तसंच निथळत पुढं केलं. "धरा आप्पा. लवकर, माझी साडी भिजतीय."

मग सम्मेदनं वाकून मशीनची खालची जाळी पुरती बाहेर ओढली, बायकोच्या हाताला येईल अशी.

आप्पांनी पंचा उलगडला. ताट घेतलं. आधी मधलं पुसलं, मग कड, मग पाठ. फळीवर उभं लावलं. आणि भिंतीकडं बघतच त्यांनी डावा हात बाजूला धरला.

हातात दुसरं ताट आलं. ओलं.