चौथी जागा

करंजाड्याचा हा वृद्धाश्रम म्हणजे हौसेरावांनी बघितलेली चौथी जागा. आधीच्या तिन्ही जागा त्यांनी नाकारल्या होत्या. तिथं लिफ्ट होती, बाग होती, डॉक्टरही रोज येत. बाबांना घर सोडायचंच नाहीये, असं आता यशराजला वाटू लागलं होतं.

मॅनेजरबाई हवेशीर खोली दाखवायला निघाल्या. पण हौसेरावांनी जन्मभर वाशीच्या मार्केटात कांदा पारखला होता, तोही गोणीच्या तळाला हात घालून. ते म्हणाले, "खोली राहू द्या बाई. अंथरुणाला खिळलेली माणसं कुठं असतात?"

मागच्या हॉलमध्ये एक म्हातारबाबा पडून होते. हौसेराव त्यांच्यापाशी वाकले. "दादा, तुमची पाठ बघू का जरा?"

म्हातारबाबांनी नवलानं मान हलवली. आयानं त्यांना कुशीवर वळवलं. हौसेरावांनी सदरा वर करून पाठ निरखली. कोरडी, स्वच्छ, पडून पडून होते तशी एकही जखम नाही. सदरा नीट करून ते म्हणाले, "इथं राहतो मी."

यशराजला राहवेना. "बाबा, तुम्ही तर अजून ठणठणीत आहात. नसेल मनात, तर घरीच राहा की. आम्ही करू सगळं."

"कराल रे. तुझ्या आईचंही आपण घरीच केलं, मनापासून केलं. पण तिची पाठ सोलवटलीय, हे आपल्याला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनी सांगितलं."